गिटारीचं लाकूड मागाहून बघा, आधी आकार ठरवा

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही हाताने बनवलेल्या गिटारी आणि युकुलेलेवर पानभर लेख छापला, त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. नागपूरच्या पेपरात या विषयाला एवढी जागा मिळते हे बघून खरंच बरं वाटलं. पण लेखात अर्ध्याच्या वर मजकूर लाकडावर होता, स्प्रूस घ्यावं की सीडर, महॉगनी की शिसव, शिंपल्याची नक्षी कुठे कुठे करून घ्यावी, आणि बॉडीच्या आकारावर एकच ओळ की आकार आपापल्या आवडीप्रमाणे निवडावा. ती ओळ वाचून मी लिहायला बसले. आवडीप्रमाणे म्हणजे कसं? ज्याने आयुष्यात एकाच आकाराची गिटार हातात घेतलीये त्याला आवड कळणार कुठून?

मी त्रिमूर्ती नगरात घरीच गिटार आणि युकुलेले शिकवते, बरीच वर्षं झाली. माझं मत अगदी पक्कं आहे की ऑर्डर देताना पहिला निर्णय आकाराचा. लाकूड थोडं इकडेतिकडे झालं तर आवाजात फरक पडतो, पण माणूस वाजवत राहतो. आकार अंगाला बसला नाही तर गिटार मांडीवर घ्यायचाच कंटाळा येतो आणि लाखमोलाची वस्तू कपाटावर जाऊन पडते.

आपल्याकडे दुकानात जाऊन नुसतं गिटार दाखवा म्हटलं की समोर ड्रेडनॉट येते, ती मोठी चौकोनी खांद्यांची, कंबर नसल्यासारखी दिसणारी. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिट्सन नावाच्या विक्रेत्यासाठी हा आकार पहिल्यांदा केला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकायला लागले. त्या काळी गिटारीला माइक नव्हता, बँजो आणि फिडलच्या गर्दीत तिचा आवाज दबून जायचा, म्हणून मोठं पोट, भरपूर बेस. त्या कामाला ती आजही एक नंबर आहे. फुटाळा तलावावर दहा-पंधरा जण बसून गाणी म्हणून राहिले, किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला बिनमाइकचं वाजवायचंय, तर मी पण ड्रेडनॉटच घ्या म्हणीन. पण सहावीतल्या पोरीला तीच, रिटायर झालेल्या काकांना तीच, रात्री घरचे झोपल्यावर हळू वाजवणाऱ्याला पण तीच, हे काही मला पटत नाही.

एक सहावीतली मुलगी माझ्याकडे आली होती तिचं सांगते. नवी कोरी ड्रेडनॉट, बॅग तिच्याच उंचीची. मांडीवर घेतली तर वरचा काठ जवळपास तिच्या काखेत. उजवा हात वरून टाकायचा म्हणून खांदा कानापर्यंत वर गेलेला, कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला काठाचा लाल वळ उठलेला, आणि पोट एवढं जाड की तारा दिसाव्यात म्हणून ती मान पुढे काढून वाकून बघायची, मग गिटार तिच्याकडे तिरपी व्हायची आणि डाव्या हाताचं मनगट अजूनच मुडपायचं. अर्ध्या तासात म्हणाली मॅडम हात दुखून राहिला. आईचं म्हणणं, प्रॅक्टिस करत नाही ना म्हणून दुखतो. मी आपली पार्लर, म्हणजे अगदी लहान बॉडीची गिटार, काढून तिच्या मांडीवर ठेवली, खांदा आपोआप खाली आला आणि तीच पोरगी तेच कॉर्ड न कुरकुरता वाजवायला लागली. दुकानदाराने त्यांना काय सांगितलं होतं, तर मुलं वाढतात, मोठीच घेऊन टाका, पुन्हा खर्च नको. अहो, ती वाढेपर्यंत गिटार सुटते त्याचं काय?

आणि हे लहान मुलांचंच आहे असं नाही. फ्रोझन शोल्डर झालेली माणसं येतात, बुटक्या बांध्याच्या बायका येतात, पोट सुटलेले काका येतात. सगळ्यांची पहिली तक्रार बोटांची असते आणि जरा नीट बघितलं की खरा प्रॉब्लेम खांदा आणि कोपरात निघतो.

आता मापं सांगते, कारण लोकांना वाटतं लहान-मोठी म्हणजे फक्त रुंदी. ड्रेडनॉटची खालची रुंदी साधारण साडेपंधरा इंचाच्या थोडी वर. ओएम, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेल, हे मार्टिनने १९२९ मध्ये पेरी बेख्टेल नावाच्या बँजो वाजवणाऱ्यासाठी काढलं, ते १५ इंच. म्हणजे फरक अर्ध्या इंचाच्या जरासा वर, मग एवढं काय? पण कंबर मोजा. ड्रेडनॉटची जवळपास ११ इंच, ओएमची साडेनऊच्या आत. आणि मागच्या टोकाला जाडी बघा, ड्रेडनॉट पाच इंचाला टेकते, ओएम चार इंचाच्या थोडी वर. सगळा खेळ इथे आहे. कंबर बारीक असली की गिटार मांडीत खाली बसते, जाडी कमी असली की हात सरळ पडतो. म्हणून ज्यांना ड्रेडनॉट झेपत नाही त्यांना ओएम एकदम हलकी वाटते, रुंदीत फारसा फरक नसताना. त्याच्याखाली डबल ओ सव्वाचौदा इंचाच्या आसपास, सिंगल ओ साडेतेरा, आणि पार्लर म्हणून विकतात त्या बहुतेक त्याच्याही खाली. वरच्या टोकाला जंबो, गिब्सन कंपनीने १९३७ मध्ये सुपर जंबो आणली ती १७ इंच, पण तिची कंबर गोल बारीक म्हणून दिसते तेवढी अंगावर येत नाही. तरी उंच माणसाचंच काम आहे ते.

आवाजाचं पण हेच. मोठ्या पोटात हवा जास्त, म्हणून खालचे सूर भरून येतात, पण एवढी मोठी फळी हलवायला हातात जोर लागतो. जो जोरात स्ट्रम करतो त्याला ती परत देते, जो बोटांनी हळू छेडतो त्याच्या हातात ती अर्धी झोपलेलीच राहते. लहान बॉडी हलक्या बोटाला लगेच उत्तर देते, मधले सूर स्वच्छ ऐकू येतात, फक्त तिच्यावर जोर केला की एका मर्यादेपुढे आवाज वाढत नाही, चेपतो. रेकॉर्डिंग करणाऱ्यांना लहान बॉडी आवडते ती याच्यासाठीच, माइकमध्ये बेसचा गदारोळ होत नाही. आणि आजकाल धरमपेठेत, सदरमध्ये कॅफेत पोरं पिकअप लावून वाजवतात तिथे तर मोठं पोट उलट त्रासच देतं, स्पीकर जवळ असला की बेसमध्ये हुंऽऽ सुरू होतं. मशीनने आवाज वाढवायचाच आहे तर मोठी बॉडी कशाला वागवायची, हे मला खरंच कळत नाही.

याच्यात नवीन काही नाहीये, आपल्या संगीतात ही समज आधीपासून आहे. मिरजेला तानपुरा घ्यायला जा, कारागीर पहिला प्रश्न लाकडाचा विचारत नाही, गाणारं कोण आणि पट्टी कोणती ते विचारतो. बाई काळी चार-पाचला गाणारी असेल तर लेडीज तानपुरा, भोपळा लहान, दांडी आखूड. काळी एकला गाणाऱ्या बुवांना मोठ्या भोपळ्याचा जेंट्स तानपुरा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, सगळ्यांना अभिमान वाटला, वाटायलाच पाहिजे, पण ती आधी गळा विचारायची पद्धत आपण गिटारीला का लावत नाही? गाताना साथीला गिटार पाहिजे असेल तर आपला आवाज कसा आहे ते बघा. नाजूक गळ्याच्या मागे ड्रेडनॉट झोडली की गळा बुडतो. डबल ओ किंवा ओएमच्या मागे तोच गळा उभा राहतो.

आकाराबरोबर दोन गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे मान बॉडीला कितव्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, जोडलीये. जुन्या पद्धतीत १२ व्या फ्रेटला, ओएमपासून १४ व्या फ्रेटची पद्धत रुळली. बारा फ्रेटच्या गिटारीत ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा अडकतात तो लाकडी तुकडा, खालच्या भागाच्या मध्याकडे सरकतो, आवाज गोल येतो, आणि डावा हात कमी लांब जातो, म्हणून लहान हाताच्या माणसाला मी नेहमी बारा फ्रेट वाजवून बघा म्हणते. दुसरी म्हणजे तारेची लांबी, स्केल. ड्रेडनॉट आणि ओएमला बहुतेक २५.४ इंच, ट्रिपल ओ (ओएमच्याच मापाच्या बॉडीची) आणि डबल ओला बऱ्याचदा २४.९. अर्धाच इंच कमी, पण तार मऊ लागते आणि पहिल्या फ्रेटचा एफ कॉर्ड पकडताना जीव जात नाही. नायलॉन तारांची क्लासिकल घ्यायची तर तिचं गणित वेगळं, स्पेनच्या तोर्रेस नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात ६५० मिलिमीटरची लांबी आणि पंख्यासारख्या आतल्या पट्ट्या बसवल्या आणि आजही बहुतेक सगळे त्याच वाटेने जातात, तिथे आकाराचे पर्याय मुळातच कमी.

आता नागपूरची गोष्ट, जी पुण्या-मुंबईचे लोक लिहीत नाहीत कारण त्यांना ती भोगावी लागत नाही. हाताने बनवलेली गिटार म्हणजे बहुतेक सॉलिड लाकूड, प्लायवूड नाही. सॉलिड लाकूड हवेतला ओलावा सोडतं-धरतं आणि रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं-फुगतं. फळी जेवढी रुंद तेवढं हे आकसणं जास्त. गिटार बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, दुपारी हवा अशी कोरडी की कपडे दोरीवर टाकता टाकता वाळतात. अशा हवेत १७ इंचाची जंबो सांभाळणं आणि १४ इंचाची डबल ओ सांभाळणं सारखं नाही. समुद्रकाठच्या कारागिराने दमट हवेत टॉप, म्हणजे समोरची फळी, चिकटवला आणि गिटार एप्रिलमध्ये नागपूरला आली तर टॉप खाली बसतो, तारा फ्रेटला घासायला लागतात, फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि बोटाला टोचतात, जास्त झालं तर ब्रिजच्या खाली बारीक चीर. म्हणून कारागिराला विचारा की तुमच्या वर्कशॉपमध्ये हवा किती कोरडी ठेवता, आणि त्याला स्पष्ट सांगा की गिटार नागपूरला राहणार आहे. घरी ओलावा मोजायचा छोटा हायग्रोमीटर ठेवा, वाजवून झालं की केसमध्ये ओलाव्याच्या स्पंजसोबत बंद करा. आणि कूलर! कूलरच्या थेट झोतात गिटार ठेवू नका, दिवसभर भिजकी हवा आणि रात्री कूलर बंद झाला की कोरडी, हे वरखाली लाकडाला फार वाईट. मग पावसाळ्यात सगळं उलटं, टॉप फुगतो, तारा वर उठतात.

युकुलेलेकडे येते, कारण लेखात त्याचा उल्लेख एका फोटोपुरता होता. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर जहाजाने हवाईला गेले, त्यांच्यात सुतारकाम करणारे होते, त्यांनी आपल्या चार तारांच्या छोट्या वाद्यावरून तिथे हे वाद्य घडवलं. आज चार मापं चालतात. सोप्रानो, तार साधारण १३ इंच, तीच ती टुणटुणीत आवाजाची. कॉन्सर्ट १५, टेनॉर १७, आणि बॅरिटोन १९-२० इंच. सोप्रानो स्वस्त आणि गोंडस म्हणून मोठी माणसं घेतात आणि मग फ्रेट एवढे जवळ की जाड बोटं एकमेकांवर चढतात. मोठ्या माणसाने कारागिराकडून करून घ्यायचंय तर कॉन्सर्ट किंवा टेनॉर, माझा कल टेनॉरकडे. लहान मुलांना सोप्रानो किंवा कॉन्सर्ट मस्त. बॅरिटोनची ट्यूनिंग गिटारीच्या चार बारीक तारांसारखी असते, डी जी बी ई, म्हणून ज्याला पुढे गिटारीवर जायचंय त्याला ते सोपं पडतं, पण युकुलेलेचा तो खळखळता आवाज त्याच्यात शोधू नका. आकारात आठच्या आकड्यासारखा नेहमीचा आणि दुसरा अननसासारखा, कंबर नसलेला. तो होनोलुलूच्या युकुलेले बनवणाऱ्या कामाका यांनी १९२० च्या दशकात आणला, आवाज जरा भरीव असतो. फक्त कंबर नाही म्हणून मांडीवर घसरतो, बेल्ट लावून घ्या.

मी स्वतः दक्षिणेतल्या एका कारागिराकडून गिटार करून घेतली तेव्हा काम बघायला गेले होते. दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीची शिसवाची पट्टी, पाणी मारून गरम पाइपवर टेकवायची, वाफेचा वास येतो, लाकूड हळूहळू हाताखाली मऊ पडतं, आणि मग ती पट्टी लाकडी साच्यात दाबून क्लॅम्प लावायचे. भिंतीवर असे चार-पाच साचे टांगलेले, प्रत्येक आकाराचा वेगळा. तेव्हा नीट कळलं की आकार बदलणं म्हणजे कागदावर रेघ बदलणं नाही. नवा आकार म्हणजे नवा साचा, आतल्या पट्ट्यांची नवी मांडणी, आणि आवाज कसा येईल त्याचा अंदाज कारागिरालाही पहिल्यांदाच. म्हणून इंटरनेटवरचा फोटो दाखवून अस्संच करा म्हणू नका, तो ज्या आकारात हात बसवून बसलाय त्यातलाच एक निवडा. हां, त्याच आकारात जाडी थोडी कमी करून मागा, हाताखालचा काठ गोल तासून मागा, ते तो आनंदाने करतो. कॅनडाच्या गिटार कारागीर लिंडा मॅन्झर यांनी १९८४ मध्ये जॅझ गिटारवादक पॅट मेथनीसाठी ४२ तारांची गिटार केली, तेव्हा वाजवणाऱ्याच्या छातीकडची बाजू पातळ आणि मांडीकडची जाड अशी पाचरीसारखी बॉडी केली, म्हणजे पोटातली हवा तेवढीच आणि हाताला आराम. आता हे बरेच कारागीर करून देतात. खांद्याचा त्रास असलेल्यांनी हे जरूर विचारावं.

कटअवे, म्हणजे वरच्या बाजूला कापलेला खांदा, तो दिसतो म्हणून घेऊ नका. चौदाव्या फ्रेटच्या वर खरंच वाजवता का? नसाल तर कशाला पैसे घालायचे? तो वाकवायला सगळ्यात अवघड भाग, तिथेच पट्टी तडकते.

ऑर्डर द्यायच्या आधी एक साधं काम करा. कारागिराकडून आकाराचं माप मागवा, फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा नाहीतर थर्माकोल आणा, त्या मापाचा आकार कापा, जाडीसाठी थर चिकटवा, आणि ज्या खुर्चीत रोज वाजवता तिथे बसून तो अर्धा तास मांडीवर घ्या. आरशात बघा खांदा वर जातोय का. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून हे करून घेते. सीताबर्डीला दुकानात पाच मिनिटं उभ्याने वाजवून जे कळत नाही ते याच्यात कळतं.

डावखुऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी पण सांगते, कारण याबद्दल कोणी लिहीतच नाही. तारा उलट्या लावून दिल्या की झालं असं दुकानात सांगतात. तसं नसतं. ब्रिजवरची पट्टी तिरकी असते, आतली ब्रेसिंग, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, एका बाजूला जाड तारांसाठी आणि दुसरीकडे बारीक तारांसाठी वेगळी असते, आणि कटअवे असेल तर तो भलत्याच बाजूला येतो. करूनच घ्यायची आहे तर पहिल्या फोनलाच मूल डावखुरं आहे हे सांगा.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. वरची मापं पुढच्या रविवारी एका चौकटीत छापा, शक्य असेल तर सगळ्या आकारांचं एकाच मापात काढलेलं चित्र द्या, लोक कापून ठेवतील. आणि आपल्या शहरातल्या दुकानदारांना या पत्रातून सांगते की प्रत्येकाने एक तरी डबल ओ किंवा पार्लर नुसती वाजवून बघायला म्हणून बाहेर ठेवा, विकली नाही तरी चालेल. पोरांना घेऊन मी स्वतः येईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक गिटार शिक्षिका
त्रिमूर्ती नगर, नागपूर